गोळी उतरेपर्यंत

“भन्तेजी, मला अजून किती दिवस खुर्चीवरच बसवून ठेवता जी?”

प्रश्न मेश्राम सरांचा. सर म्हणजे गावच्या शाळेतले निवृत्त पीटी मास्तर. अर्ध्या गावाला त्यांनीच कवायत शिकवलेली. आता बुद्धविहारात रोज सकाळी गुडघे झिजलेल्या म्हाताऱ्यांचा वर्ग भरे, त्यात तेही एक. खुर्चीत बसून पाय हळूच उचलायचा, हळूच ठेवायचा. सरांना त्याची लाज वाटे.

वर्ग घेणारे भन्ते त्यांच्याहून वयाने मोठे होते.

“घाई कशाची?” भन्तेंनी विचारलं.

“पौर्णिमेच्या वंदनेला सगळे खाली सतरंजीवर बसतात. मी एकटा खुर्चीवर बसू? त्यापेक्षा येतच नाही मी. वर्ष झालं...”

वंदना चुकते याचं त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

“पाय उचला बघू.”

सरांनी पाय ताडकन वर नेला. शेजारच्या पार्वताबाई बघतच राहिल्या.

“दुखलं?”

“बिलकुल नाही.”

“काहून?”

सर घुटमळले. “येताना दुखण्याची गोळी खाऊन येतो. डॉक्टरांनी झोपताना घ्यायला सांगितली आहे, पण... वर्गात चार लोकांपुढे कण्हत बसायचं का?”

भन्तेंनी सरांना उठवलं, त्यांची खुर्ची ओढत बाहेर ओसरीत नेली.

“इथे बसा.”

सर बसले. तोंड एवढंसं झालं. आत वर्ग चालू राहिला, मग संपला. मंडळी एकेक करून घरी निघाली. जाताना प्रत्येकाने सरांकडे पाहिलं, आणि सरांनी प्रत्येक वेळी अंगणातल्या पिंपळाकडे पाहिलं.

ऊन ओसरीत आलं. भन्ते आपली खुर्ची घेऊन शेजारी येऊन बसले.

“माझं काही चुकलं का, भन्तेजी?”

भन्तेंनी नुसतं त्यांच्या गुडघ्याकडे पाहिलं.

बऱ्याच वेळाने सरांचा हात आपसूक गुडघ्यावर गेला. त्यांनी ओठ आवळले. आणखी थोडा वेळ तसाच काढला.

“दुखून राहिला जी,” शेवटी ते हळूच म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं. “लय दुखून राहिला.”

भन्तेंनी खुर्ची त्यांच्यासमोर ओढली.

“गुडघा आला वर्गाला,” ते म्हणाले. “आता शिकवतो.”