भिवराबाईच्या वाफ्यावरचे कांबळे

सातमाळ्याच्या डोंगराला पाठ टेकून वाघदर नावाचे एक लहानसे गाव होते. गावाच्या उगवतीला ओढा, ओढ्यापलीकडे माळ्यांचे मळे आणि मळ्यांच्या टोकाला छप्पर उडालेले महादेवाचे देऊळ. त्या देवळात एका मार्गशीर्षात खेमगीर महाराज येऊन उतरले. कमरेला लंगोटी, खांद्यावर एक काळे कांबळे, हातात लोटा. एवढाच काय तो संसार! कोणी विचारले, "महाराज, मुक्काम किती दिवस?" तर म्हणत, "इथे माझे एक काम आहे. ते झाले की निघेन." काम कोणते, ते मात्र सांगत नसत.

मंडळी, ते वर्ष वाईट होते. गोड करून सांगण्यात काही अर्थ नाही. श्रावणात पाऊस जो गेला तो पुन्हा फिरकलाच नाही. बाजरी कमरेला लागली आणि उभीच वाळली. दिवाळीपासूनच लोक तरवट्याचा पाला शिजवून खाऊ लागले होते. विहिरींना तेवढे थोडे पाणी होते. म्हणून साऱ्या गावाची आशा एकाच गोष्टीवर : पौषात वांग्याचे मळे लावायचे, चैत्रात माल उतरला की खाली गोदाकाठी, गंगथडीला न्यायचा आणि त्याच्या बदल्यात जोंधळे आणायचे. मळे लागले तर उन्हाळा निभेल. नाही लागले तर काय, हे कोणी तोंडाने बोलत नसे.

याच गावात भिवराबाई माळीण राहत असे. नवरा जाऊन पुष्कळ वर्षे झाली होती. एकुलता एक मुलगा सावळा, तोही त्याच श्रावणात मळ्यात पान लागून, म्हणजे साप चावून, गेला. घरात उरल्या दोघी, भिवराबाई आणि तिची सून दुर्पदा, आणि दुर्पदाच्या मांडीवर पाच महिन्यांची पोर. दुर्पदाला पोटभर मिळत नव्हते, त्यामुळे पोरीलाही दूध पुरत नव्हते. ती रडायचीसुद्धा बारीक. भिवराबाईने भोपळ्यात राखेत जपून ठेवलेले वांग्याचे बी होते तेवढे सगळे कार्तिकात वाफ्यात टाकले होते. दुसरे बी घरात नव्हते, गावात कोणी दिले नसते. त्या तिघींचा जीव त्या एका वाफ्यात होता, असे म्हटले तरी चालेल.

आता त्या गावची एक रीत ऐका. मळा लावताना पहिले रोप सवाष्णीच्या हाताने लागे. ती हळदीकुंकू वाहायची, रोप लावायची, मग बाकीच्यांनी हात लावायचा. विधवेचा हात पहिल्या रोपाला लागला तर पीक जळते, असा समज. भिवराबाईच्या घरी आता सवाष्ण कुठून यायची? गेल्या सालापर्यंत दुर्पदाच लावी; आता आळीतली कोणीतरी बोलवायला हवी होती. पण त्याला यादोजी पाटलाने मनाई केली.

हा यादोजी पाटील दोन विहिरींचा धनी. शेतीत मोठा हुशार, मेहनतीलाही वाघ. पण अहंकार असा की माझ्या आधी गावात पानही हलता कामा नये! तो चावडीवर सर्वांसमक्ष म्हणाला, "ज्या घरात दोन दोन कपाळं पांढरी, तिथं माझ्या गावची सवाष्ण पाऊल टाकणार न्हाई. भिवरे, नवरा गिळलास, पोरगा गिळलास. आता काय गावचं पीक गिळायचंय?"

पदराने तोंड झाकून भिवराबाई तडक देवळात आली आणि महाराजांसमोर मट्‌कन बसली.

"बाबा, रोप वयात आलंय. सगळ्यांचे मळे लागले. माझं वाफ्यातच उभं हाय. हात कुणाचा लावू?"

महाराज म्हणाले, "माय, तुला हात नाहीत का?"

"हायेत. पण ते असले."

"बी कोणी टाकले? पाणी कोणी घातले? तेव्हा हात चालले, मग आताच कुठे बाटले? लाव तू. मात्र सगळे लावू नकोस. निम्मे लाव आणि निम्मे वाफ्यात राहू दे. त्याचे पाणी तोड, म्हणजे ते माजणार नाही. रथसप्तमी झाल्यावाचून थंडीवर भरवसा ठेवू नये."

"आन् थंडीनं वाफाच नेला तर?"

"तो मी बघतो," महाराज म्हणाले.

भिवराबाईने स्वतःच्या हाताने पहिले रोप लावले. बांधावरून यादोजीने ते पाहिले आणि खदाखदा हसला. "अरे वा! गोसाव्याला वांगं भाजून खायचं ठाऊक, लावायचं काय ठाऊक! निम्मं रोप वाफ्यात ठेवून काय त्याची भाजी करणार हाय?" बरोबरचे लोकही हसले. पाटील हसला की हसायचे, ही तर जुनीच रीत!

संक्रांत गेली, रथसप्तमी उद्यावर आली. मग एका संध्याकाळी वारा एकदम पडला. आभाळ निरभ्र, आणि गारठा असा की गुरे गोठ्यात एकमेकांना चिकटून उभी राहिली. म्हाताऱ्यांनी ओळखले, पण तोवर उशीर झाला होता. सकाळी सारे मळे गोठलेल्या दवाने पांढरे दिसत होते. ऊन चढले तसे ते दव वितळले आणि खालची पाने काळी पडत गेली. यादोजी पाटील आपल्या मळ्यात उकिडवा बसून एकेक रोप हातात घेऊन पाहत होता. प्रत्येक पान बोटांत चुरगळून ओल्या राखेसारखे होई. त्याचे गेले, कुंभाराचे गेले, गुरवाचे गेले. भिवराबाईने लावलेले निम्मेही गेले. एका रात्रीत गावाचा उन्हाळा जळाला!

भिवराबाई ऊर बडवीत वाफ्याकडे धावली. पाहते तो वाफ्यावर महाराजांचे कांबळे पसरलेले, आणि महाराज शेजारी उघड्या अंगाने बसलेले. दाढीवर दव गोठले होते. हात काखेत घट्ट धरले होते.

"रडू नकोस माय," महाराज हळू आवाजात म्हणाले. "विहिरीवरून घागरी आण. आज वाफ्याला पोटभर पाणी दे."

"आता पानी कशाला बाबा? रोप काढायच्या दिशी वाफा भिजवत्यात. एवढ्या गारठ्यात कुठं लावायचं हाय आता?"

"रोप आजच काढायचे आहे. तू पाणी दे."

बिचारीला काही उमजेना. तरी महाराजांचा शब्द! मागोमाग दुर्पदाही पोरीला घेऊन आली होती; कांबळ्याची कड उचलून दोघी सासू-सुनांनी घागरीवर घागरी वाफ्यात ओतल्या. डोळ्यांतले पाणीही त्यातच गेले.

तेवढ्यात ओढ्याकडून गलका आला. पुढे यादोजी, मागे सारे गाव. दुःखाला कोणीतरी धनी लागतो, मंडळी. गावाला तो सापडला होता. यादोजीचे डोळे लाल झाले होते. "हिनं पहिलं रोप लावलं म्हनून गाव जळलं!" तो ओरडला. "हिचं उरलंसुरलं उपटून टाका आन् या दोघींना शिवेबाहेर घाला!"

एवढे बोलून त्याने कांबळे धरून ओढले. पाहतो तो काय! ते कांबळे माणसाचे गुडघे जेमतेम झाकील एवढे आणि वाफा चांगला दहा हात लांब. पण या टोकापासून त्या टोकापर्यंत रोप हिरवेगार, ताठ उभे! लोकांत कुजबुज झाली. यादोजी क्षणभर थांबला, आणि त्याचा राग दुप्पट झाला. माझे जळले आणि हिचे जगले!

भिवराबाईने धावत जाऊन वाफ्यावर अंग टाकले. "पाटील, पाया पडते. ह्यो गेला तर माझी नात जात्ये."

महाराज म्हणाले, "माय, बाजूला हो." मग यादोजीकडे पाहून शांतपणे म्हणाले, "यादोजी, उपटायला आलास ना? उपट. एकही ठेवू नकोस."

काय वाटले असेल हो त्या बाईला! ज्याच्या शब्दावर निम्मे रोप राखले, तोच म्हणतो उपट. तिने महाराजांकडे पाहिले, मांडीवरच्या पोरीला कवटाळून बसलेल्या सुनेकडे पाहिले, आणि ती उठून बाजूला झाली. मंडळी, श्रद्धा श्रद्धा म्हणतो आपण, ती ही.

यादोजीने मूठभर रोप उपटले आणि मागे भिरकावले. दुसरी मूठ. तिसरी. वाफ्याचे एक टोक त्याने मोकळे केले आणि पुढे सरकला. मागे वळून पाहतो तर ते टोक पुन्हा भरलेले! त्याने दातओठ खाल्ले. दोन्ही हातांनी ओरबाडू लागला. मागे ढीग लागला, ढिगावर ढीग, आणि वाफा होता तसाच. बाकीचे लोक जागच्या जागी खिळून राहिले. फक्त एक कुंभाराची म्हातारी पुढे झाली. तिने एक रोप उचलून पाहिले. वाफा भिजलेला, म्हणून मुळी न् मुळी शाबूत, मातीसकट निघाली होती. म्हातारीच्या तोंडून आपोआप गेले, "अगं बायांनो, उभ्या काय ऱ्हायल्या! मुळ्यांना ऊन लागंल की!" आणि तिने आपला पदर ओला करून ढिगावर टाकला. मग दुसरी आली, तिसरी आली. बायका भराभर जुड्या बांधू लागल्या.

ऊन डोक्यावर आले तेव्हा यादोजीचे हात चालेनासे झाले. तो वाफ्याच्या कडेला कोसळला. छाती भात्यासारखी हलत होती. सगळ्या गावाला पुरून उरेल एवढे रोप मागे जुड्या बांधून पडले होते.

महाराज म्हणाले, "झाले का काढून? आता नेऊन लावा. पाटील, आज तू गावाचे मोठे काम केलेस."

ते शब्द ऐकताच यादोजीचा सारा ताठा उतरला. तो तसाच सरपटत गेला आणि महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. महाराजांनी त्याला उठवण्यासाठी काखेतून हात काढले, तेव्हा त्याने ते पाहिले. दोन्ही हातांची बोटे पेरांपर्यंत काळी पडली होती. सकाळी मळ्यातली पाने दिसली, अगदी तसाच रंग.

"महाराज, हे काय?"

"अरे, थंडी गावात आली होती. ती कुठेतरी बसणारच. वाफ्यात बसू नकोस म्हटले, तर माझ्यापाशी बसली."

यादोजी लहान मुलासारखा रडू लागला. "मग माझ्या मळ्यावर का न्हाई आलात, बाबा?"

"माझ्याकडे कांबळे एकच होते रे बाळा," महाराज म्हणाले.

मग प्रश्न आला, पहिले रोप कोणी लावायचे? पाटलाची बायको कुंकवाची कोयरी घेऊन उभी होती. यादोजीने तिला हाताने थांबवले. तो भिवराबाईपुढे गेला आणि आपले उपरणे तिच्यासमोर पसरले. "आई, पहिलं रोप तुमच्या हातचं द्या. माझ्या मळ्यात तुम्ही लावा."

भिवराबाईने आपल्या हातांकडे पाहिले. मग म्हणाली, "पाटील, ह्या हातांनी मी माझ्या सावळ्याला शेवटचं पानी पाजलं. तुम्ही त्या हातांना काय काय म्हनलात."

"माझी जीभ झडो, आई."

"लावत्ये. तुमच्यासाठी न्हाई. तुमच्याबी घरात लेकरं हायेत, म्हनून लावत्ये." आणि तिने जुडीतले एक रोप घेऊन पाटलाच्या उपरण्यात टाकले.

पुढे सगळे आनंदीआनंद झाले, असे मी सांगणार नाही. चैत्र उजाडेपर्यंत गावात चार चिता पेटल्या. कुंभाराची ती म्हातारीही गेली. पण चैत्रात वांगी उतरली, गंगथडीचे जोंधळे आले, आणि दुर्पदाची पोर जगली. महाराजांची तीन बोटे होळीपर्यंत गळून पडली. त्यांनी ती ओढ्यात सोडली, कांबळे खांद्यावर टाकले आणि "काम झाले" एवढेच म्हणून ते डोंगराच्या वाटेने निघून गेले. वाघदरला ते पुन्हा कोणाला दिसले नाहीत.

दुसऱ्या वर्षी भिवराबाईने पुन्हा वाफा टाकला. पौषात एके दिवशी तसाच वारा पडला. पहाटे ती काळजीने मळ्यात गेली, तर वाफ्यावर कोणीतरी जरीकाठी शाल पसरलेली. शेजारी एक माणूस उघड्या अंगाने कुडकुडत बसला होता. क्षणभर तिला वाटले, बाबा आले! ती लगबगीने जवळ गेली. तो यादोजी पाटील होता. तिला पाहताच तो उठला, आणि दवाने ओल्या झालेल्या बांधावर डोके टेकून त्याने तिला नमस्कार केला.