वीतभर खाली

एका राज्यात, जिथे नद्या चढावर वाहत आणि पोपट पंचांपुढे साक्ष देत, एक विलक्षण शाप नांदत होता. उंचावर बसलेल्याला खालच्याचा आवाज ऐकू येत नसे. राजघराण्याच्या मूळपुरुषाने गाऱ्हाण्यांना कंटाळून एका मांत्रिकाकडून तसे सिंहासन मागून घेतले होते. मांत्रिकाने ते हसत दिले. तेव्हापासून त्यावर बसणारा हरेक राजा वर्षभरात ठार बहिरा होई, आणि प्रजेला रीत पडली होती ती अशी, की आपल्याहून थोरापेक्षा वीतभर खालीच बसायचे.

राणी हेमप्रभेला गादीवर बसून अकरा महिने झाले होते. तिला आता फक्त पाखरांचे ऐकू येई, कारण ती छत्रावर बसत. प्रधानजींचे हलते ओठ न्याहाळून ती कंटाळली होती. पण त्यांचे तिला फारसे दुःख नव्हते. तिचा जीव तुटत होता तो तानूबाईच्या आवाजासाठी. तानूबाई विहिरी खणणारी. तिने राणीला अंगावर पाजले होते, वाढवले होते. आता ती दरबाराच्या उंबऱ्याबाहेर, सर्वांत खाली बसे.

"साळुंके, उपाय सांग," राणी छत्राकडे पाहत म्हणाली.

"सिंहासनावरचे माणूस आणि सर्वांत खालचे माणूस एका पातळीवर येऊ देत," छत्रावरची साळुंकी म्हणाली. "तीनदा करून पाहा. वर्ष भरले, की माझेही तुला ऐकू येणार नाही."

राणीने सिंहासन सोडले आणि जमिनीवर बैठक मारली. दरबाराने काय करावे? फरशी उखडून खड्डे खणवले! प्रधानजी वीतभर खोल, सेनापती दोन वीत, कारकून कमरेइतके. मानाची माणसे ती, खड्ड्यातही मान सोडीनात. राणीला पुन्हा नुसते ओठच दिसले.

मग तिने हुकूम सोडला, "सर्वांचे खड्डे सारखे करा, माझाही. बरोबरीने न बसेल तो हद्दपार!"

चार दिवस खोदकाम चालले. सारे एका पातळीवर बसले.

"सुखी आहात?" राणीने विचारले.

"होय, राणीसाहेब," सारे एका सुरात म्हणाले. ऐकू आले!

"राज्यात उणे काय आहे?"

"होय, राणीसाहेब."

साळुंकी खो खो हसली. "राणी, हुकूमही वरूनच येतो. आणि खालचे माणूस मोजलेस का?"

राणीने माणसे मोजली. तानूबाई त्यांत नव्हती. बरोबरीचे खड्डे खणणारीचा खड्डा कोणी मोजलाच नव्हता. ती सर्वांत खोल खड्ड्याच्या पार तळाशी, पाझरलेले पाणी उपसून दगडावर टेकली होती.

राणीने मुकुट उतरवला आणि दोर धरून त्या खड्ड्यात उतरली. थोराने खाली बसावे, एवढेच तिला सुचले. ती तानूबाईच्या पायाशी, चिखलात बसली. तोच अकरा महिन्यांनी तो आवाज तिच्या कानी पडला.

"राणीला बरोबरी हवी म्हणं," तानूबाई स्वतःशीच पुटपुटत होती, "आन् खणायचं मातुर म्या. तळहाताची सालं निघाली. जेवलीस का, म्हून कुनी पुसलं न्हाई."

राणीच्या डोळ्यांत पाणी आले. ती काहीतरी बोलली. पण आता तीच खाली होती. तानूबाईला एक अक्षर ऐकू येईना.

तानूबाईने वळून पाहिले. पोरीचे ओठ हलताहेत, गालांवर धार लागली आहे. असे काय सांगते आहे ही? म्हातारीला राहवेना. रीत विसरून, कोणी न सांगता, ती दगडावरून घसरली आणि राणीच्या शेजारी चिखलात फतकल मारून बसली.

"काय म्हनतीस, पोरी?"

"चुकले म्हणते, आई."

वर सिंहासन मधोमध तडकले. आणि मग आवाजांचा लोंढाच आला. साऱ्या राज्याची अडलेली गाऱ्हाणी एकदम कानांवर आदळली. प्रधानजींनी कान झाकले.

"एकेकाने बोला," राणी म्हणाली. "आधी तानूबाई."

"आधी भाकर द्या," तानूबाई म्हणाली. "मंग हे खड्डे बुजवा. म्या न्हाई बुजवनार."

भाकर आली, तानूबाई जेवली. मग राणीने पहिले फावडे उचलले. प्रधानजी घमेले हाती घेऊन बराच वेळ उलटेसुलटे करीत राहिले. शेवटी ते तानूबाईपाशी गेले आणि खाली बसून म्हणाले, "बाई, हे धरायचे कसे?"

तिने सांगितले, आणि त्यांना ते ऐकू आले.