कोळीण आणि दांडगट पाणघोडा

फार पूर्वी आफ्रिकेतल्या एका नदीकाठी एक कोळीण राहत होती. नदी मोठी विचित्र. समुद्राकडे जायचं सोडून ती वाळवंटात शिरायची, अनेक फाट्यांनी पसरायची आणि तिथेच जिरून जायची. पाऊस पडायचा दूरच्या डोंगरांत. त्याचा पूर इथे पोचायचा तो ऐन कोरड्या दिवसांत. अशाच एका फाट्यावर कोळिणीचं गाव जगत होतं.

त्या फाट्यात एक पाणघोडाही होता आणि त्याने कोळिणीला जेरीस आणलं होतं. तिने संध्याकाळी जाळं लावावं आणि सकाळी त्याच्या चिंध्या गोळा कराव्यात. डोंगा बांधावा, तर हा धक्का मारून उलटा करणार. रोज लव्हाळं तुडवत असा जाणार, जणू फाटा याच्या आजोबांचाच.

“या दांडगटाला काही कामधंदा आहे का?” ती शेजारणीला म्हणाली. “खातो, डुंबतो नि माझ्या जिवावर उठतो.”

शेवटी तिने सगळं गाव काठावर जमवलं. ढोल, मडकी, जे हाती लागेल ते लोकांनी बडवलं. पाणघोडा कंटाळून शेजारच्या फाट्यात निघून गेला. कोळिणीला हायसं वाटलं.

पुढच्या वर्षी पूर आला, पण फाट्याच्या तोंडापर्यंतच. तुडवणारं कोणी नव्हतं, त्यामुळे लव्हाळं माजून पाण्याची वाट बुजली होती. पूर शेजारच्या फाट्याकडे वळला. कोळिणीचं जाळं आता शाबूत होतं आणि कोरडंही. गावात प्यायला पाणी उरलं नाही.

कोळीण चडफडत शेजारच्या गावी मदत मागायला गेली. तिथला प्रमुखही वैतागलेला होता.

“बाई, बरी आलीस. तुमचा पाणघोडा आमचे डोंगे मोडतोय. त्याला कसं हाकललंत, तेवढं सांग.”

उत्तर अगदी तिच्या ओठांवर आलं. ढोल वाजले असते, तर पाणघोडा परत तिच्याकडे आला असता आणि मागोमाग पाणीही. पण मग हे गाव तहानलं असतं. तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

“हाकलू नका त्याला,” ती तोंड वाकडं करून म्हणाली. “तो तुडवतो म्हणून तुमच्याकडे पाणी येतं. आम्हाला हे कळलं नाही नि आम्ही कोरडे पडलो. आता विळे असतील तर द्या. त्याचं काम आम्हालाच करायचंय.”

प्रमुखाने विळे दिले आणि माणसंही दिली. दोन्ही गावं फाट्याच्या तोंडाशी छातीएवढ्या पाण्यात उभी राहून लव्हाळं कापू लागली. हात सोलले, कंबरा धरल्या, तेव्हा कुठे फाट्यात बारीकशी धार आली. कापलेलं लव्हाळं लगेच पुन्हा फुटू लागलं.

“एक पाणघोडा घालवला,” कोळीण कंबर धरत म्हणाली, “आणि त्याच्या जागी दोन गावं राबतायत.”

तात्पर्य: त्रास चटकन दिसतो, उपयोग शोधावा लागतो, कुणाला हाकलण्याआधी तेवढी तसदी घ्यावी.