लोणच्याची फळी

“...मग पोथ्यांच्याच फळ्यांवर डाग का पडावेत, बुवा?”

मोरेश्वरने उपरण्याने डोळे पुसले. खांद्याला पिशवी होती, आणि ती रिकामी नव्हती.

भिकाजीबुवा ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“पिशवी कशाला?”

“घरी जातो. माझी पात्रता नाही. लाकडालासुद्धा ते कळलं.”

बुवांच्या पोथ्या आजवर ट्रंकेत पडून होत्या. त्यांच्यासाठी भिंतीला फळ्या करायचं मोरेश्वरनेच मागून घेतलं होतं. फळ्या लागल्या की येत्या गुरुवारी अनुग्रह देतो, असं बुवा म्हणाले होते. या शब्दासाठी तो कित्येक वर्षं बुवांच्या दारात थांबला होता. तो गुरुवार आज उजाडला होता.

“सांग तरी, काय काय केलंस?”

“काय करायचं बाकी ठेवलं?” मोरेश्वरच्या आवाजाला धार आली. सेवा करावी तर आपणच, हे त्याचं जुनं मत होतं आणि रडतानाही ते त्याला सोडून गेलं नव्हतं. “रोज पहाटे आंघोळ. डोक्याला तेल, कपाळाला गंध. मग एकेका फळीला डोकं टेकायचं आणि नाम घेत पॉलिशपेपर मारायचा. जवसाचं तेलसुद्धा नाम घेतच चोळलं. आणि तरी मधोमध हे काळे डाग! पुसले, घासले, पुन्हा तेल दिलं... जात नाहीत.”

“आणि ती उरलेली फळी? काकूंनी लोणच्याच्या बरण्यांना मागितलेली?”

मोरेश्वरने खाली पाहिलं.

“तिला कसलं नाम आणि कसलं काय. चडफडत तेल फासलं आणि दिली आत.”

“रंग कसा आलाय?”

“...एकसारखा. या टोकापासून त्या टोकापर्यंत.”

खरं दुखणं हेच होतं. लोणच्यावर देव प्रसन्न झाला आणि पोथ्यांवर कोपला, हे काही केल्या त्याच्या गळी उतरत नव्हतं.

बुवांनी अडकित्ता खाली ठेवला.

“पोथ्यांची एक फळी आण इकडे.”

त्याने आणली आणि जमिनीवर ठेवली. फणसाचं पिवळं लाकूड तेलाने छान खुललं होतं, पण मधोमध तळहाताएवढा काळपट डाग होता.

“आता काम सुरू कर. रोज करायचास तसं.”

“काम संपलं, बुवा.”

“सुरू कर म्हटलं ना!”

मोरेश्वरने पिशवी बाजूला ठेवली, मांडी घातली आणि हात जोडले. सवयीनेच तो वाकला, कपाळ फळीला टेकलं.

“ऊठ. आता बघ.”

जुन्या डागावर बरोबर तेवढाच एक नवा, ओला डाग उमटला होता.

मोरेश्वर बघत राहिला. त्याने आपल्या कपाळावरून बोट फिरवलं. बोट चकाकलं.

“खोबरेल...?”

बुवांचं पोट गदागदा हलायला लागलं.

“काय झालं हो?” आतून काकूंनी विचारलं.

“काही नाही. देवाचा कोप झाला होता, तो उतरला!”

मोरेश्वर आधी कानापर्यंत लाल झाला. मग त्यालाही हसू फुटलं आणि हसताहसता डोळे वाहू लागले. छातीवरचं ओझं एकदम उतरलं होतं. देव रागावला नव्हता, बुवाही रागावले नव्हते, आणि घरीही जायचं नव्हतं.

बुवांनी पुन्हा सुपारी हातात घेतली.

“हे डाग... कसे घालवू?” अखेर त्याने विचारलं.

“राहू देत.”

मोरेश्वर फळीकडे जरा कौतुकानेच पाहू लागला. मघाचा काळा डाग आता त्याला बराच देखणा दिसत होता.

“खरंय, बुवा. डाग कसले... या माझ्या नमस्कारांच्या खुणाच.”

अडकित्त्याचा आवाज तेवढा येत राहिला...

मोरेश्वरने कपाळ पुसायला उपरणं उचललं.

“पुसू नकोस एवढ्यात. अनुग्रह संध्याकाळी देतो. त्याआधी जरा आत जाऊन ये.”

“आत?”

“लोणच्याची फळी तेवढी कोरी राहिलीय.”