बावीस वेळा पाहिलेला सिनेमा

सांगलीच्या एका फिल्म क्लबात मंदाकिनी शिराळकर सहा वर्षं एकट्याच येत आणि सिनेमा संपला की एकट्याच घरी जात. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या या बाईंशी तिथे कुणी कधी दोन शब्द बोललं नव्हतं.

त्या रविवारी अध्यक्ष प्राध्यापक बेडेकरांनी सत्तर वर्षांपूर्वीचा एक हॉलिवूडचा सिनेमा दाखवला. नंतरच्या चर्चेत मंदाकिनीबाई पहिल्यांदाच उठल्या. "सिनेमा देखणा आहे," त्या म्हणाल्या, "पण त्या घरातल्या कृष्णवर्णीय मोलकरणीला कुणी माणूस समजलेलंच नाही."

बेडेकर हसले. "अहो बाई, ऑस्करची नऊ नामांकनं होती याला! मी बावीस वेळा पाहिलाय. यातलं काहीही विचारा, झोपेतसुद्धा सांगेन."

"मग त्या मोलकरणीचं नाव सांगा."

बेडेकर आठवू लागले. नायकाच्या घोड्याचं नावही त्यांना पाठ होतं, पण हे काही केल्या आठवेना.

"आठवणार नाही, सर," मंदाकिनीबाई शांतपणे म्हणाल्या. "ती सारखी कॉफी घेऊन येते, पण तीन तासांत कुणी तिला नावानं हाकच मारत नाही."

"मान्य आहे तुमचं..." बेडेकर म्हणाले आणि पुन्हा अडखळले. मग ओशाळून त्यांनी विचारलं, "आपलं नाव काय?"

मंदाकिनीबाईंनी आपलं पूर्ण नाव सावकाश सांगितलं. सहा वर्षांत इथे ते कुणी विचारलंच नव्हतं.