तांबड्या कोर्टावरचा येसबा

एका तालुक्याच्या गावी येसबा नावाचा एक भोळा माणूस राहत होता. भोळा म्हणजे बहिरा नव्हे. त्याला सांगितलेलं सगळं ऐकू येई, आणि ऐकलेलं सगळं तो करी. एवढाच त्याचा दोष.

अर्धं आयुष्य त्याने तालमीतली माती खणण्यात घालवलं. तालीम बंद पडली तेव्हा गावच्या जिमखान्याने त्याला हंगामी कामावर घेतलं. जिमखान्यात टेनिसचं तांबड्या मातीचं कोर्ट होतं. माती ती माती, असा जिमखान्याचा हिशेब. येसबाचाही तोच.

त्या वर्षी जिमखान्याला व्यावसायिक खेळाडूंची मोठी स्पर्धा मिळाली. पुरुषांचीही आणि महिलांचीही. सेक्रेटरी गानूसाहेबांनी येसबाला बोलावून सांगितलं, "स्पर्धा नीट पार पडली तर तुला कायम करतो. गडबड झाली, तर पुन्हा फाटकातून आत यायचं नाही."

घरी बायकोने, फुलाबाईने, बजावलं, "हे बगा, आपलं डोकं चालवू नका. सायेब सांगतील तेवढंच करा."

"मी कवा चालवलंय?" येसबा म्हणाला. ते खरं होतं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी गानूसाहेब म्हणाले, "मोठे खेळाडू येताहेत. मातीला काही कमी पडू देऊ नकोस. कळलं?"

"कळलं, सायेब."

आणि त्याला खरंच कळलं होतं. अडचण तीच होती.

तालमीत मातीला जे जे लागतं ते सगळं त्याने कोर्टात ओतलं. ताक ओतलं, तेल ओतलं, हळद घातली, वर लिंबं पिळली. सकाळी चेंडू टाकला, तो पडला आणि पडूनच राहिला. मुंग्या मात्र रांगेने आल्या. पंजाबहून आलेल्या एका उंच खेळाडूने वाकून वास घेतला आणि विचारलं, "इथे खेळायचंय की जेवायचंय?"

वरचा सगळा थर खरवडून काढावा लागला. गानूसाहेब ओरडले, "अरे, ही तालीम नव्हे! या मातीला फक्त पाणी. धूळ उडाली की पाणी मारायचं. कळलं?"

"कळलं, सायेब."

दुपारी महिलांचा सामना लागला. मृण्मयी सबनीस खेळत होती. स्पर्धा तीच जिंकणार, असं सगळे म्हणत होते. या मातीवर खेळाडू लांबच्या चेंडूपर्यंत घसरत जातात. मृण्मयीही घसरत गेली. धूळ उडाली.

"ताई, डोळं मिटा," येसबा अदबीने म्हणाला आणि त्याने पाइप सोडला.

मृण्मयी नखशिखांत भिजली. चेंडू कुठे गेला ते कुणी पाहिलं नाही. धूळ मात्र बसली.

"खेळ चालू असताना काही म्हणजे काही करायचं नाही!" गानूसाहेब म्हणाले. "खेळ थांबला की मगच आत जायचं. मातीवरून सपाटीची जाळी ओढायची आणि सगळ्या खुणा पुसून टाकायच्या. कळलं?"

"कळलं, सायेब."

दुसऱ्या दिवशी त्या पंजाबी खेळाडूचा सामना होता. त्याचा चेंडू रेघेजवळ पडला आणि "बाहेर!" असा पुकारा झाला. त्याने मातीवर बोट दाखवलं. तांबड्या मातीचा हा एक गुण आहे. चेंडू जिथे पडतो तिथे खूण उमटते, आणि वाद झाला की पंच उंच खुर्चीवरून उतरून ती खूण स्वतः बघतात. इथले पंच वयस्क होते. गुडघे धरून, एकेक पायरी उतरत ते खाली आले.

तोवर खेळ थांबला होता. पंच रेघेपाशी पोचले तेव्हा कोर्ट ताटासारखं लख्ख होतं.

"खूण कुठे आहे?" पंचांनी विचारलं.

"पुसली की जी," येसबा जाळी गुंडाळत म्हणाला. "आणखी कुठं ऱ्हायली आसंल तर दाखवा."

पंच एकेक पायरी चढत परत वर गेले. पंजाबी खेळाडू बराच वेळ पंजाबीत बोलला.

गानूसाहेबांचा आवाज बसला होता, तरी ते ओरडले. "ती खूण म्हणजे पुरावा असतो, पुरावा! कुणी बोट दाखवलं की भोवती चुन्याने गोल काढ. पंच येऊन आत की बाहेर ते सांगेपर्यंत पहारा दे. जवळ कुणाला येऊ देऊ नकोस. मलासुद्धा नाही! कळलं?"

"कळलं, सायेब."

अंतिम सामन्यांच्या दिवशी सकाळी टेनिस संघटनेचे निरीक्षक आले. पुढच्या वर्षी स्पर्धा इथे द्यायची की नाही, हे तेच ठरवणार होते. गानूसाहेब त्यांना मोठ्या हौसेने कोर्ट दाखवायला घेऊन गेले. कोर्टभर पांढरे गोल होते. मधोमध येसबा हात पसरून उभा होता.

"लांब ऱ्हावा, सायेब! कुत्री येऊन गेली पिल्लांसंगं. वॉचमननं बोट दाखवलं. आता पंच आलं की ठरवतील."

"काय ठरवतील?"

"पिल्लं आत व्हती का बाहेर."

निरीक्षकांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. गोल तसेच होते.

"कुत्र्याच्या खुणा नव्हेत रे!" गानूसाहेबांना आता रडू यायचं बाकी होतं. "फटका मारल्यावर जे मातीवर पडेल, त्याची खूण! कळलं?"

"आता पक्कं कळलं, सायेब."

पुरुषांचा अंतिम सामना सुखरूप पार पडला. येसबा हातांवर बसून होता. मग महिलांचा सुरू झाला आणि चांगलाच रंगला. शेवटी मृण्मयीने एक जोरदार फटका मारला आणि ती जिंकली. तिने रॅकेट फेकली आणि या मातीवर जिंकणारे करतात तशी आनंदाने हात पसरून उताणी पडली. डोकं कोर्टात, पाय रेघेच्या पलीकडे. लोक उभे राहून तिच्याकडे बोटं दाखवू लागले.

येसबाने विचार केला. खेळ थांबला आहे. फटका मारून झाला आहे. त्यानंतर मातीवर पडलं आहे. आणि बोट म्हणाल, तर सगळा गाव दाखवतो आहे.

तो चुन्याची बादली घेऊन धावला आणि त्याने मृण्मयीभोवती ऐसपैस गोल काढला.

"ताई, हलू नका. खूण मोडंल."

प्रमुख पाहुणे चषक घेऊन आले. येसबाने त्यांना अडवलं. गानूसाहेब धावत आले. "येसबा, हो बाजूला!"

"न्हाई, सायेब. तुमालासुदिक न्हाई. तुमीच सांगितलंय."

पंच एकेक पायरी उतरत आले. सवयीचा माणूस. ते वाकले, त्यांनी नीट पाहिलं आणि गंभीरपणे निकाल दिला. "रेघेला स्पर्श आहे. आत."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मृण्मयीला हसण्यामुळे उठवेना. पडल्या पडल्याच ती निरीक्षकांना म्हणाली, "पुढच्या वर्षी मी इथे नक्की येणार. पण हे मामा असतील तरच."

"मग स्पर्धा इथेच," निरीक्षक डोळे पुसत म्हणाले. "आणि गानूसाहेब, यांना कायम करून टाका."

ते ऐकून गानूसाहेब मटकन रेघेपलीकडे खाली बसले. लोकांनी त्यांच्याकडेही बोटं दाखवली.

येसबाने त्यांच्याभोवती गोल काढला. पंच पुन्हा गुडघे धरून निघाले, तेव्हा येसबाने त्यांना हातानेच थांबवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं डोकं चालवलं.

"ऱ्हाऊ द्या जी," तो म्हणाला. "आमचं सायेब तर चांगलं हातभर बाहेर हायेत."