टेका म्हणणारा जावई

डोंगरउतारावरच्या एका गावात हमालांची एक टोळी होती. टोळीत चौघे: म्होरक्या खंडूजी, राणू आणि बाणू हे दोघे सख्खे भाऊ, आणि खंडूजीचा नवा जावई सिदू. गाडी गावाच्या पायथ्याशी येऊन थांबे. तिथून पुढे जड म्हणून जे काही असेल, ते या चौघांच्या खांद्यावरूनच वर चढे.

ओझं वाहताना कुणी दमला, की त्यानं "टेका!" म्हणायचं आणि सगळ्यांनी ओझं खाली टेकवायचं, हा त्यांचा जुना नियम. पण खंडूजीच्या टोळीनं या शहाण्या नियमाला एक शेपूट जोडलं होतं. जो आधी "टेका" म्हणेल, त्यानं परतताना सगळ्यांच्या वहाणा हातात घेऊन भर गल्लीतून चालायचं. मागून पोरं ओरडत, बायका दारात येऊन हसत. राणूवर ही पाळी एकदा आली होती. तेव्हापासून तो शब्द कुणाच्या तोंडून निघेनासाच झाला. दमत सगळेच, बोलत मात्र कुणी नसे.

एका हिवाळ्यात गावातले गुळाचे व्यापारी मोरशेठ यांची सून बाळंत झाली. थंडी कडाक्याची. बाळबाळंतिणीला वेळेवर कढत पाणी मिळावं म्हणून शेठनी पाणी तापवायचा बंब मागवला. आता बंब म्हटला की तांब्याचा, बेताचा आणावा. पण शेठचं सगळंच मोठं. त्यांनी आणला ओतीव लोखंडाचा, बिडाचा, अख्ख्या आळीची आंघोळ उरकेल एवढा. गाडीवानानं तो पायथ्याशी उतरवला आणि पुन्हा चढवायला सांगतील या धाकानं लगेच गाडी हाकली.

शेठचं घर होतं पायऱ्यांच्या अगदी टोकाला. पायऱ्या दगडी, उभ्या, मधोमध झिजलेल्या. एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, नुसता खाली ओढा. सकाळच्या दवानं दगड अजून ओले होते. ओझं टेकवता येईल अशी रुंद पायरी वाटेत एकच होती.

चौघांनी पायथ्याशी वहाणा काढल्या. बंबाच्या दोन्ही अंगांना दोन वासे बांधले आणि खांद्यांवर चुंबळी ठेवून ते उचलले. दोघे भाऊ वरच्या टोकाला, सिदू आणि खंडूजी खालच्या. भिंतीकडून सिदू, उघड्या बाजूनं खंडूजी. चढावर खरा भार खालच्या दोघांवरच येतो.

"काय जावईबापू, झेपंल ना?" खंडूजीनं विचारलं.

"झेपंल की, मामा!" सिदू जरा मोठ्यानंच म्हणाला. बघायला जमलेल्या बायकांत त्याची बायको येसूही उभी होती.

पहिल्या काही पायऱ्या बऱ्या गेल्या. मग दोर करकरू लागले. सिदूच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला, पण पुसायला हात मोकळा नव्हता. पायाखालचा दगड बुळबुळीत लागत होता. प्रत्येक पाऊल टाकताना त्याला वाटे, हे घसरणार. त्याचा वासा सुटला असता, तर बंब तिथंच फिरला असता आणि खंडूजीला घेऊन ओढ्यात गेला असता.

रुंद पायरी आली. "आता म्हण," सिदूचं मन म्हणालं. खंडूजीचं पाऊलही तिथं क्षणभर रेंगाळलं. पण सासऱ्यादेखत कसं म्हणायचं? गल्लीतून वहाणा मिरवताना येसू काय म्हणेल? सिदूनं ओठ घट्ट मिटले. रुंद पायरी मागे पडली.

आता टेकायला जागाच नव्हती. वरून शेठ हातात नारळ घेऊन ओरडत होते, "आलंच घर! आलंच!" घर काही येत नव्हतं. सिदूचा खांदा आधी पेटला, मग बधिर झाला. पुढे पुढे तर आपल्याला हात आहे की नाही, हेच त्याला कळेना. त्याला फार भीती वाटली. एवढी भीती त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती आणि ती सांगण्याचीही त्याला तेवढीच भीती वाटत होती. दोन भीतींच्या मध्ये बिचारा वरवंट्याखालच्या मिरचीसारखा सापडला होता.

त्यानं मान वळवून खाली पाहिलं. ओझ्याखाली असताना कुणी खाली पाहू नये. पायथ्याच्या पायऱ्यांवर पोरं मजा बघत ओळीनं बसली होती, बरोबर बंबाच्या वाटेत. आणि येसू? तिनं इतस्ततः पडलेल्या वहाणांतून दोन जोड उचलून बाजूला नीट लावून ठेवले होते. एक नवऱ्याचा. एक बापाचा, टाचा झिजलेला.

सिदूच्या मनात आलं, तो झिजलेला जोड आज तसाच पडून राहिला तर? मी तो येसूच्या हातात कोणत्या तोंडानं देऊ?

"मामा, टेका!" तो ओरडला. आवाज पोरासारखा चिरका निघाला.

कुणीही हसलं नाही.

"हलू नगा कुणी!" खंडूजी गरजला. "राणू, बाणू, वासा छातीशी धरा! पोरास्नी खालनं हटवा! शेठ, मागं लावाया कायतरी आणा, पळा!"

शेठनी नारळ टाकला आणि ते घरात धावले. स्वयंपाकघरातला मसाला वाटायचा दगडी पाटा पोटाशी धरून, भिंतीला अंग घासत ते खाली आले. आळीतली पोरं पांगली. बायका मागे सरल्या. येसू मात्र एक धोंडा कवटाळून पायऱ्या चढत वर आली. चौघांनी बंब तसूतसूनं खाली सोडला. तो पायरीवर टेकला आणि बोटभर सरकला. शेठनी पाटा सारला, येसूनं त्यामागे धोंडा लोटला. दगडावर दगड घासला. बंब थांबला.

चौघे पायरीवर मटकन बसले. सिदूनं मान खाली घातली. "मामा, चुकलो. मला झेपलं न्हाई."

खंडूजीची मूठ अजून वळलेलीच होती. येसूनं जवळ बसून त्याचं एकेक बोट सोडवलं. दोरानं तळहात सोलून निघाला होता.

"त्या रुंद पायरीवरच माझा हात बधिर झालेला," खंडूजी हळूच म्हणाला. "म्हटलं, जावयाम्होरं कसं बोलू?"

"आणि आमी दोघं तुमच्या तोंडाकडं बघत हुतो," राणू म्हणाला. "तुमी बोलला असता, तर आमी तिथंच टेकलं असतं."

हे ऐकल्यावर मात्र चौघांना खरी धडकी भरली. चौघांचे हात गेलेले, चौघांची तोंडं बंद, आणि खाली आळीतली सगळी पोरं.

त्यानंतर एकेक पायरी टेकत, मागे पाटा लावत त्यांनी बंब घरात पोचवला. त्यात दुपार झाली, पण कुणी घाई केली नाही. संध्याकाळी बाळ कढत पाण्यानं न्हालं आणि एवढं रडलं की ते आळीभर ऐकू गेलं.

बंब पोचवून पायथ्याशी येताच सिदू रीतीप्रमाणे वहाणा गोळा करायला वाकला. खंडूजीनं त्याचा हात धरला. चारही जोड त्यानं स्वतःच्या सोललेल्या हातांत घेतले आणि गल्लीच्या मधोमध चालू लागला. पोरं ओरडायला पुढे आली. खंडूजीचा चेहरा बघून ती गप्प झाली.

त्या दिवसापासून टोळीचा नियम बदलला. जो आधी "टेका" म्हणेल, त्याला गुळाचा पहिला खडा. तो गूळ अर्थात मोरशेठच्या दुकानातून येई.

तात्पर्य: चौघांनी मिळून उचललेल्या ओझ्याखाली एकाची लाज चौघांच्या जिवावर बेतते. बळ संपलं, की ते वेळेवर बोलून दाखवावं. त्याला ओझं उचलण्यापेक्षा जास्त धीर लागतो.